आल्याची फुंकर

मालिगाया, शुक्रवार दुपार

प्रिय यानिंग,

तुझं पत्र मिळालं. क्रिस्टेलच्या बाईंनी वर्गातल्या मुलांना आजी-आजोबांकडून एकेक जुना शब्द अर्थासकट आणायला सांगितलाय आणि आमच्या नातीने सगळे शब्द सोडून नेमका ‘बुगा’ निवडलाय, हे वाचून तुझी नानय एवढी हसली की तिच्या हातातलं पाखडायचं सूप कलंडलं आणि कोंबड्यांची चंगळ झाली. खाली तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस, ‘तातय, नेहमीचे अर्थ तेवढे लिहा. औषधपाण्याचं नको, तिला वर्गात सगळ्यांसमोर वाचून दाखवायचंय.’ ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला राग आला नाही, खरंच. महिनाभरापूर्वी आला असता, तेव्हा मी अजून ताठ मानेने हिंडत होतो. आता लाज वाटायचीच असेल तर त्यात पहिला नंबर माझा आहे, तुझा नव्हे. ते पुढे येईल. आधी पोरीचा अभ्यास उरकू. हे पुढचं पान तिच्यासाठी आहे, ते वेगळं करून तिला दे. बाकीची तुझ्याजवळच ठेव, तिला वाचू देऊ नकोस.

तर क्रिस्टेल, ऐक. आपल्याकडे फुंकण्याला दोन शब्द आहेत आणि शहरातली मुलं ते एकमेकांच्या जागी वापरतात. एक ‘इहिप’. गरम लापशीवर आपण इहिप करतो, वाढदिवसाच्या मेणबत्तीवर करतो, गुडघा फुटला की आई त्यावर करते, आणि चूल विझायला आली की तुझी आजी, म्हणजे तुझ्या आईची नानय, बांबूच्या नळीतून करते. समुद्रावरून वारा येतो तोही इहिपच. त्यात नुसता श्वास असतो, दुसरं काही नसतं. ‘बुगा’ करायला मात्र तोंडात काहीतरी असावं लागतं. आमच्या लहानपणी धोबीण तोंडात पाणी भरून इस्त्रीच्या सदऱ्यावर फवारायची, ती बुगा. झुंजीआधी मालक कोंबड्याच्या डोक्यावर पाणी फवारतो ती बुगा. समुद्रातलं माकूल पळताना शाई सोडतं, जीप चढणीला काळा धूर सोडते, डोंगर पेटला की राख सोडतो, आणि जत्रेतला माणूस तोंडात रॉकेल घेऊन जाळ काढतो, त्या सगळ्या बुगाच. तुझी आजी माझ्यावर चिडली की तोंडातून जे काढते त्यालाही गावात हाच शब्द आहे, पण ती म्हणतेय हे लिहू नकोस, म्हणून तू वर्गात हे वाचू नकोस. आता शब्द आला कुठून, तर माझे आजोबा म्हणायचे, टेबल आणि खुर्चीला आपण जे शब्द वापरतो ते स्पॅनिश लोकांच्या जहाजातून उतरले, पण हा कुणाच्या जहाजातून उतरलेला नाही. बिसाया बेटांवरचे खलाशी आपल्या किनाऱ्याला लागायचे, त्यांची बाकीची भाषा आम्हाला कळायची नाही, पण हा शब्द त्यांच्याकडेही होता. आजोबांचं म्हणणं, तो कुणी केलेलाच नाही, ओठांनी केलाय. तूच बघ, पहिलं अक्षर म्हणताना ओठ मिटतात आणि गाल फुगतात, दुसरं म्हणताना तोंड उघडतं आणि आत होतं ते बाहेर पडतं. तुमच्या बाईंना पुस्तकातलं मूळ हवं असेल तर ‘आजोबांना ठाऊक नाही’ असं सरळ लिहून टाक. शिकलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

इथे तिचं पान संपलं, यानिंग. इथून पुढचं तुझं.

जो अर्थ तू लिहू नका म्हणालीस, तो गावात पहिला सांगितला जातो. मालिगायात कुणी ‘बुगा करून घ्यायला जातोय’ म्हटलं तर तो कुठे चाललाय हे कुत्र्यालाही कळतं. तो आपल्याच अंगणात येतो. मंगळवारी आणि शुक्रवारी उजाडताच फणसाखालच्या बाकावर माणसं बसतात, मी आलं चावतो, आजोबांनी दिलेला मंत्र पुटपुटतो आणि त्यांच्या अंगावर उठलेल्या नागिणीवर फवारा मारतो. त्यासाठी तुला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मला ठाऊक आहे. नन्सच्या शाळेत पोरी तुला ‘थुंकीवाल्याची यानिंग’ म्हणायच्या. तू घरी कधी बोलली नाहीस, पण एकदा शाळेच्या मदरने निरोप पाठवला की तुझे वडील सुतार आहेत असं कळलं, चॅपेलमधल्या बाकाचा पाय मोडलाय, जरा बसवून देतील का. तुझी नानय तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी शेजाऱ्याची करवत आणि हातोडी मागून आणली, अंगावर लाकडाचा भुसा टाकून घेतला आणि गेलो. बाक मी होता त्याहून वाकडा करून आलो. मदर म्हणाली, देव तुमचं भलं करो, आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. तू खिडकीतून बघत होतीस, तेही मी पाहिलं होतं. मला तेव्हा एवढंच वाटलं होतं की पोर अजून लहान आहे, मोठी झाली की तिला माझा मान कळेल. बघ, केवढा गर्व होता मला.

आता माझं ऐक. ईस्टर झाला आणि मला उजव्या कमरेला आग व्हायला लागली. आधी वाटलं होडी ओढताना काही लचकलं असेल. मग अंघोळीच्या वेळी तुझी नानय पाठ चोळायला आली आणि थांबली. ‘कार्यो,’ ती म्हणाली, ‘हे तर तुझंच गिऱ्हाईक दिसतंय.’ लाल पट्टा, त्यावर मोत्यांसारखे फोड, कमरेच्या मागून पोटाकडे निघालेले. मी, गावभरच्या नागिणी उतरवणारा, आणि माझ्याच कमरेला नागीण! शेपटी कुठे आणि तोंड कुठे ते मी हाताने चाचपत बसलो. दोन्ही भेटली की माणूस जातो, हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की ते मलाही खरं वाटायला लागलंय. मी आलं चावलं, मंत्र म्हटला आणि मान वळवून कमरेवर फवारा मारायला गेलो. सगळा रस सदऱ्यावर. दुसऱ्यांदा खांद्यावर. तुझी नानय दारात उभी राहून बघत होती. ‘कोंबडी पिसं कोरते तशी मान मोडून घेशील, बाकी काही व्हायचं नाही,’ ती म्हणाली. मी म्हटलं मग तू फुंक. ‘मला दात आहेत का आलं चावायला? आणि स्वतःची फुंकर स्वतःला लागत नाही, हा नियम तुझ्या आजोबांचाच ना? मग आता डॉक्टरणीची लागते का बघ.’ मी दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी सदराही अंगाला सहन होईना, तेव्हा गेलो.

गावात सांगितलं की जाळ्याला दोरा आणायला शहरात चाललोय. दवाखान्यात शिरताना टोपी नाकापर्यंत ओढली होती. आत बाकावर कोण बसलेलं असावं? आपला आंबो, जाळं टाकणाऱ्यांच्या घरचा, ज्याच्या पाठीवर मी आदल्याच शुक्रवारी फुंकलं होतं. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं, आणि मग आम्ही दोघंही समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर असं लक्ष देऊन बघायला लागलो की जणू त्यावर आमच्या लग्नाची तारीख होती. आजतागायत आम्ही एकमेकांशी त्याबद्दल काही बोललेलो नाही. डॉक्टरीण तुझ्याहून लहान, पोरसवदा, हातात कागद घेऊन तिने विचारलं, आजोबा, काम काय करता? आणि माझ्या तोंडून निघालं, सुतारकाम. यानिंग, मला तो शब्द ठरवून बोलायचा नव्हता. तो आपोआप निघाला. शाळेत त्या पोरींसमोर तुझ्या तोंडून तो कसा निघाला असेल हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या असा लालबुंद झालो की तिने माझा ताप मोजला.

तिने गोळ्या दिल्या. कशा घ्यायच्या ते समजावलं आणि वर म्हणाली, ‘कमरेवर आहे म्हणून तुमचं नशीब समजा. हीच कपाळावर आली आणि नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर डोळ्यावर जाते. मग त्या फुंकणाऱ्या-बिंकणाऱ्यांच्या नादी लागून दिवस घालवायचे नाहीत, त्याच दिवशी डोळ्यांचा मोठा दवाखाना गाठायचा. तुमच्या गावाकडे असे लोक फार आहेत म्हणतात.’ मी म्हणालो, ‘हो, हो, फार आहेत.’ वर मानही डोलावली! गोळ्या मी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आणि डबा देवघरातल्या कुमारी मातेच्या मूर्तीमागे लपवला. आठवड्यात आग बसली, फोड वाळले. त्या सगळ्या दिवसांत मंगळवार, शुक्रवार चुकवला नाही. घरात गोळी गिळायची आणि बाहेर येऊन आलं चावायचं. तुझी नानय म्हणाली, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी तिला म्हटलं, माझ्या फुंकरीने कुणाचं वाईट तर होत नाही ना? तोपर्यंत झालं नव्हतं.

या मंगळवारी सेरिंग आली. सुक्या मासळीवाली सेरिंग, जिच्या टोपलीतून तू लहानपणी मासे पळवायचीस आणि जी तुला बघून न बघितल्यासारखं करायची. म्हातारी झालीय आता, पण तोंड तेच. लांबूनच ओरडली, ‘कार्यो, आज आलं नीट चाव हं, मागच्या खेपेला अर्धं गिळलंस!’ बाक भरलेला होता, सगळे हसले. जवळ येऊन तिने डोक्यावरचा टॉवेल काढला. डाव्या भुवईपासून केसांपर्यंत फोड. ‘मेली तोंडावरच बसली. आता मला कोण दुसरा नवरा करणार?’ मी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. नाकाच्या शेंड्यावर, डाव्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढा फोड होता.

मला सगळं आठवलं, यानिंग. डॉक्टरणीचा शब्द न शब्द. उगीच विसरल्याचं सोंग तुझ्यासमोर करत नाही. तिला म्हणायचं होतं की सेरिंग, इथे थांबू नकोस, ही माझ्या हातातली गोष्ट नाही. पण म्हटलं तर बाकावरचे विचारणार, कार्योतात्या, तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला कुणी सांगितलं? आंबोही बसला होता, त्याने लगेच जमिनीकडे बघायला सुरुवात केली. तोंडात आलं आधीच चावून तयार होतं. आणि मी काय केलं, तर फुंकलं. एकदा कपाळावर, एकदा भुवईवर, एकदा नाकावर. रस ओघळून तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात गेला. ती डोळा चोळत म्हणाली, ‘झोंबतंय बाई! म्हणजे लागू पडतंय.’ जाताना केळीच्या पानात गुंडाळून मासे ठेवून गेली. ते अजून तसेच आहेत. मला ते घशाखाली गेले नाहीत आणि फेकूनही देववेनात.

तुझ्या नानयला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. बुधवारी मी सेरिंगच्या घराकडे निघालो आणि वळणावरून परत आलो. गुरुवारीही तेच. दोन्ही वेळा स्वतःला सांगितलं की ती बाजारात गेली असेल. ती कसली बाजारात जातेय, अंधार करून पडली होती बिचारी.

आज सकाळी शेजारीण तिला हाताला धरून घेऊन आली. डावा डोळा सुजून मिटलेला, पाणी गळतंय, उजेड सोसत नाही म्हणून ओला फडका धरलेला. आणि तरी हसतेय! ‘कार्यो, नागीण चिडलीय तुझ्यावर. आज जरा जोरात मार.’ मी तिला म्हटलं, सेरिंग, आजच्या आज दवाखान्यात जा, डोळा जाईल. ती म्हणाली, ‘माझा नवरा स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेला होता, येताना चौघांनी आणला. मला नको तो दवाखाना. मला तू पुरे.’ मी पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं. ती बाकावरून हलेना. शेवटी मी सगळ्यांसमोर सदरा वर केला आणि कमरेचे वाळलेले डाग दाखवले. आत जाऊन डबा आणला आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं तिच्या मांडीवर ओतली. म्हटलं, बघ, मला स्वतःला नागीण झाली तेव्हा मी फुंकर घेतली नाही, डॉक्टरणीच्या गोळ्या खाल्ल्या. आणि डॉक्टरणीने मला तुझ्यासारख्या डोळ्याचं आधीच सांगितलं होतं, तरी मंगळवारी मी तुला फुंकलं. हा असा माणूस आहे मी.

मला वाटलं, आता ती चप्पल काढेल. मनातून मला तेच हवं होतं, यानिंग. तिने मारलं असतं, बाकावरच्यांनी थू केलं असतं, तर मी ते खाली मान घालून घेतलं असतं आणि निदान रात्री झोपलो असतो. पण सेरिंगने हात चाचपत पुढे केला, माझा हात धरला आणि आपल्या कपाळाला लावला, त्या फोडांच्या कपाळाला. म्हणाली, ‘बघा रे बघा! आपल्या सगळ्यांच्या नागिणी याने आपल्या अंगावर घेतल्या, आणि आम्हाला एका शब्दाने बोलला नाही!’ बाकावरच्या बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मी ओरडलो, अगं आणि या गोळ्या? ‘गोळ्यांचं काय घेऊन बसलास. दिल्या त्या पोरीने, तिचं मन कसं मोडायचं म्हणून खाल्ल्या असशील. तुझा स्वभाव काय आम्हाला ठाऊक नाही?’ आंबोने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तोही क्रूस करायला लागला, मेला. त्याला तरी खरं ठाऊक होतं! आता दुपारपर्यंत तीन बायका माझा तो आल्याच्या डागांचा सदरा बाळाच्या अंगाला लावायला मागून गेल्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं. खोटं बोलून माणसाची लाज जाते असं म्हणतात. माझी खरं बोलून गेली आणि वर लोकांनी तिला हार घातला.

खऱ्याने ती हलत नाही म्हटल्यावर माझ्यापाशी काय उरलं? सेरिंग मला म्हणाली, मग फुंकतोस ना? आणि माझ्या तोंडून निघालं, ‘माझी फुंकर डोळ्यापर्यंत पोचत नाही. डोळ्याची फुंकर आमच्या घरात एकटीकडे आहे. यानिंगकडे.’ सेरिंग म्हणाली, ‘यानिंग? ती तर नर्स ना मनिलाला?’ तेवढ्यात तुझी नानय, जी मंगळवारपासून माझ्याशी बोलत नव्हती, चुलीपाशी बसून आतून मोठ्याने म्हणाली, ‘पायाळू आहे आमची यानिंग! विसरलात एवढ्यात?’ तू काही पायाळू नाहीस, पोरी. सगळी मुलं येतात तशीच आलीस, डोक्याकडून, आणि भोकाड पसरत. पण सेरिंगचा चेहरा असा खुलला की काय सांगू. ‘मग हे मंगळवारीच नाही का सांगायचं, मेल्या? इतके दिवस आल्यात घालवलेस!’ म्हणाली आणि उठली. तिने आता चांगला घागरा काढून ठेवलाय. उद्या पहाटे लुसेनाहून मनिलाला सुटणाऱ्या बसने ती निघेल, नानय तिच्यासोबत असेल. नानयला सगळं ठाऊक आहे, पण सेरिंगसमोर ती बोलू शकणार नाही, म्हणून हे लिहितोय.

तर यानिंग, हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ज्या बाईने डोळ्यावर ओला फडका धरून ते तुझ्या हातात दिलं ती सेरिंग, आणि तू वाचतेस तोवर ती तुझ्यासमोरच बसून आहे. तिला वाटतंय की या पाकिटात मी तुला डोळ्याचा मंत्र लिहून दिलाय. पाकीट जाड दिसलं म्हणून ती खूश झाली, मोठा मंत्र आहे म्हणाली, म्हणजे तू सगळं वाचून होईपर्यंत ती हूं का चूं करणार नाही. तुमच्या इस्पितळात डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत असं तू सांगितलं होतंस. पण फुंकर घेतल्याशिवाय ती त्यांना हात लावू देणार नाही, मी तिला ओळखतो. तुझ्या पांढऱ्या कपड्यांत, तुझ्या बरोबरीच्या नर्सेससमोर, त्या पॉलिश केलेल्या फरशीवर तुला मी हे करायला सांगतोय. ज्यापासून तू इतक्या लांब गेलीस तेच मी बसमध्ये बसवून तुझ्या दारात पाठवलंय, कारण मंगळवारी चारचौघांत माझी लाज जाऊ नये म्हणून मी गप्प बसलो. त्या लाजेची किंमत आता तू भरायची, हे मला कळतं. मला माफ कर म्हणायलाही तोंड राहिलेलं नाही. आलं तिच्या पिशवीत आहे, नीट धुऊन घे. डोळ्याच्या जवळपास नको, टाळूवर फुंक. मंत्र येत नसला तरी हरकत नाही, तुमच्या औषधांची नावं पुटपुटलीस तरी तिला चालतील. डोळा वाचला तर ती गावभर तुझ्या फुंकरीचं सांगत सुटेल, सांगू दे. गेला तर तिला हे पत्र वाचून दाखव, सगळंच्या सगळं. आणि आता आणखी वाचत बसू नकोस, पोरी. एकदा फुंक आणि तिला आत ने.

तुझाच,
तातय